खळ्यातला पहिला वाढदिवस: बाळाला आणि आईला झेपेल असा कसा करायचा

चिऊचा पहिला वाढदिवस आम्ही मालवणजवळच्या आमच्या घरी, खळ्यातच (घरापुढच्या अंगणात) केला. चाळीस माणसं, सकाळी साडेदहा ते दुपारी दोन, बस्स. त्यानंतर नात्यातल्या-ओळखीतल्या कितीतरी जणींनी फोन करून विचारलं की सुरुवात कुठून केलीस, जेवण कोणी केलं, केक आणलास का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. ज्यांचं पहिलंच बाळ आहे आणि ज्यांना हॉल-डीजे काही नको, फक्त आपली माणसं जमावीत, बाळाला ओवाळावं आणि सगळ्यांनी पोटभर जेवून जावं एवढंच हवंय, त्यांच्यासाठी हे आहे.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. हा दिवस दोघांचा असतो, बाळाचा आणि बाळाच्या आईचा. बाळाला झोप आली की ते झोपलं पाहिजे, आणि आईने त्या दिवशी पहिल्या पंगतीत बसून गरम जेवलं पाहिजे. वर्षभर रात्री जागलेली बाई वाढदिवसालाच पहाटे चारला उठून वाटण वाटत बसली आणि तीन वाजता उरलेला गार भात जेवली तर काय उपयोग. पुढचं काहीही ठरवताना ह्या दोन गोष्टी मोडतायत का ते बघायचं, मोडत असतील तर ते काढून टाकायचं.

तारीख की तिथी

घरात हा प्रश्न येतोच. आजी-आजोबांना तिथीने हवा असतो, आपल्याला तारखेने. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असतं त्यामुळे पहिल्या वर्षी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक महिना आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस उशिरा. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ज्यांचं बाळ 2025 च्या जुलै-ऑगस्टमधलं आहे त्यांची तिथी पुढे सरकणार, हे कॅलेंडर घेऊन आधीच बघून ठेवा. आम्ही सोपं केलं. तिथीच्या दिवशी घरच्या घरी देवाला दिवा आणि खीर, आणि माणसं बोलावून कार्यक्रम तारखेच्या जवळच्या रविवारी. सासूबाईंचंही मन राहिलं आणि मुंबईच्या मंडळींनाही जमलं.

आपल्याकडे चाकरमानी कधी येणार हे बघितल्याशिवाय तारीख ठरतच नाही. बाळ शिमग्याच्या किंवा गणपतीच्या आसपासचं असेल तर वेगळा घाट घालूच नका, घर तसंही भरलेलं असतं, गौरी-गणपती गेल्यावर एक दिवस थांबायला सांगा की झालं. बाकी वेळी लोकांना दोन महिने आधी कळवा, कारण रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 पासून, आधी 120 होते) आणि मे महिन्यात कोकणकन्या, तुतारी, मांडवी ह्या गाड्या बघता बघता भरतात. पावसाचंही धरून चाला. एरवी आपल्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, पण 2025 ला 25 मेलाच देवगडपर्यंत येऊन पोचला होता आणि मेअखेर खळ्यात कार्य ठरवलेल्यांची धावपळ झाली. त्यामुळे 20 मेनंतर ते दसऱ्यापर्यंत काही असेल तर पडवी आणि ओटीवर मावतील एवढीच माणसं बोलवा, खळ्याच्या भरवशावर राहू नका.

अजून एक काम ह्याच वेळी उरकून घ्या, वाढदिवसाशी त्याचा तसा संबंध नाही पण मुदत तीच आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव घातलंय का ते बघा. जन्म नोंदवताना बहुतेकांचं नाव ठरलेलं नसतं, मग दाखल्यात नावाची जागा रिकामी राहते. बारा महिन्यांच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क आणि जास्तीचे हेलपाटे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, जिथे जन्माची नोंद झाली असेल तिथे जाऊन यायचं.

वेळ बाळाला विचारून ठरवा

म्हणजे एक आठवडा बाळ कधी उठतं, कधी झोपतं, कधी किरकिरतं ते कागदावर लिहून काढा. चिऊ सातला उठायची, साडेनऊला अर्धा-पाऊण तास झोपायची, मग साडेदहा ते एक अगदी छान असायची, एकनंतर डोळे चोळायला सुरुवात. म्हणून औक्षण पावणेअकराला ठेवलं आणि पहिली पंगत साडेअकराला. लोकांना निरोप देताना 'सकाळी या' असं सांगू नका, 'पावणेअकराला औक्षण आहे' असं घड्याळ लावून सांगा, नाहीतर अर्धी माणसं बारा वाजता येतात आणि त्यांच्यासाठी बाळाला ताटकळत ठेवलं जातं.

संध्याकाळचे कार्यक्रम ह्या वयाला खरंच सोसत नाहीत. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा वाढदिवस एका हॉलवर संध्याकाळी सातला होता, ते बाळ साडेसातला झोपणारं, पाहुणे आले आठला. वर लाइट, मोठ्याने गाणी, डोक्यावर कागदाची टोपी, आणि केक कापताना कोणीतरी फुगा फोडला तसं ते जे दचकलं ते रडून रडून उलटी झाली. बहीण त्याला घेऊन मागच्या खोलीत बसली आणि पुढे सगळे जेवत होते. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, आणि चिऊच्या वेळी सकाळच धरायची हे मी त्याच दिवशी ठरवलं. शिवाय आपल्याकडे तिन्हीसांजेला डास किती असतात ते सांगायला नको.

माणसं किती

तीस ते चाळीसच्या वर जाऊ नका. त्याच्या वर गेलं की आचारी लागतो, मंडप लागतो आणि मग ते साधं राहत नाही. वाडीतल्या घरांना स्वतः जाऊन सांगून या, मोबाईलवर मेसेज टाकून वाडीतलं माणूस बोलावलं तर ते बरं दिसत नाही, आणि गेलात की तिथेच कळतं कोण मदतीला येणार, कोणाकडे मोठा टोप आहे, कोणाकडे जाजम आहे. आमच्या वाडीत मंडळाची भांडी आहेत, ती घासून परत द्यायच्या बोलीवर मिळतात. तुमच्याकडेही असतील, विचारा. वाडी मोठी असेल आणि सगळ्यांना बोलावणं जमणार नसेल तर अंगणवाडीत खाऊ द्या, तिथल्या ताईंना आधी विचारून, पोरांना फार आनंद होतो.

सजावट

ह्यावर मी फार लिहिणार नाही कारण लागतच फार कमी. आदल्या दिवशी खळं सारवून घ्या (जमिनीला फरशी असेल तर धुऊन घ्या), दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, खांबांना माडाची चुडतं (झावळ्या) बांधा, परसातल्या केळीचे दोन खांब, आणि फुलं त्या ऋतूत जी असतील ती. चैत्रात असेल तर सुरंगीचे वळेसर मिळतात, त्या वासापुढे दुसरं काही नको. थर्माकोलचा आकडा आणि नाव बनवून घ्यायच्या फंदात पडू नका, सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या प्लेटा-चमचे हे सगळं 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. केळीची पानं कापून आणा, नाहीतर पत्रावळी घ्या, खाऊन झालं की गुरांना किंवा खड्ड्यात.

फुगे मी ठेवलेच नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाने तोंडात घातला की तो घशात चिकटून बसतो, काढता काढता येत नाही, एवढ्या लहान मुलाजवळ फुगा नकोच. तसंच आहेरात येणारी गाणी म्हणणारी खेळणी आणि बॅटरीचे छोटे दिवे, त्यात ती बटणासारखी चपटी बॅटरी असते ना, ती गिळली तर आतून अन्ननलिका जळते, म्हणून अशा वस्तूंचं झाकण स्क्रूने घट्ट बंद आहे का बघितल्याशिवाय बाळाच्या हातात देऊ नका.

आणि विहीर. आपल्या घरांत विहीर खळ्याच्या कडेलाच असते, वर्षाचं पोर रांगत किंवा धरून धरून चालत कुठे पोचेल सांगता येत नाही, आणि माणसं जास्त असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. आम्ही कठड्याच्या वाटेवर बाक आडवा लावला, पाण्याच्या भरलेल्या बादल्या उंचावर किंवा न्हाणीत ठेवून दार लावलं, आणि तासातासाने एकेका माणसाचं नाव ठरवलं. दहा ते अकरा आत्या, अकरा ते बारा मामा, असं. त्या तासात त्या माणसाने दुसरं काहीही काम करायचं नाही, फक्त चिऊ. हे एक तरी कराच.

औक्षण

पाट, भोवती साधी रांगोळी, बाळाचं तोंड पूर्वेला. ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, आणि गोडाला थोडं काहीतरी. आधी कुंकू आणि अक्षता, मग सुपारी-अंगठी ओवाळायची, मग निरांजन. पाच जणी ओवाळतात पण पाचही जणींनी सावकाश सगळं केलं तर बाळ पाचव्या मिनिटाला पाटावरून उठून जातं, म्हणून कुंकू-अक्षता पहिलीने लावाव्यात आणि बाकीच्यांनी नुसतं ओवाळावं. बाळाला एकट्याला पाटावर बसवू नका, आजीच्या मांडीवर बसवा आणि आईने बाळाचे दोन्ही हात हलकेच धरून ठेवावेत, कारण वर्षाचं मूल पहिली झडप ज्योतीवरच घालतं आणि दुसरी सुपारीवर, आणि ती सुपारी थेट तोंडात जाते. चिऊने घातलीच होती, नणंदेने गालात बोट घालून काढली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की सुपारी ओवाळून झाली की लगेच मुठीत घ्या, ताम्हणात परत ठेवू नका.

मग आमच्याकडे आईलाही त्याच पाटावर बसवून ओवाळलं. ही काही रीत आहे असं नाही, सासूबाईंच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "वरस तुझाव पुरा झाला गो." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. तुमच्याकडे कोणाच्या मनात आलं नाही तर तुम्ही सुचवा, बाळाच्या बाबांनी सुचवलं तर अजून छान.

त्यानंतर सासऱ्यांनी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, सगळे हात जोडून उभे, प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा". ह्याला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही, पण आमच्या सगळ्या कार्यक्रमात मुंबईच्या मुलांना सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

काजळ डोळ्यात घालू नका, डॉक्टर नाहीच म्हणतात, तीट लावायची तर कानामागे किंवा तळपायाला लावा. कपडे सुती, जुने धुतलेले असतील तर उत्तम. जरीचं परकर-पोलकं दहा मिनिटं फोटोपुरतं घालून काढून टाका. फोटो औक्षणाच्या आधी काढा, सकाळी खळ्यात उजेड मऊ असतो, फ्लॅश लागत नाही आणि बाळ ताजंतवानं असतं. पणजी असेल तर तिच्याबरोबरचा पहिला काढा.

बाळ काय खाईल, आणि केकचं काय

मे महिन्यात तालुक्याहून केक आणायचा मोह मलाही झाला होता. भावाने स्कूटरवरून आणला, खोका उघडला तर क्रीम एका बाजूला वाहून गेलेलं. तो आम्ही वाटीतून मोठ्यांना दिला. बाळाला तसंही तो देणार नव्हतोच, दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर जितकी टाळता येईल तितकी टाळा असं डॉक्टर सांगतात.

चिऊसाठी सांदणं केली होती, आणि खरा केक तोच ठरला. तांदळाच्या कण्या धुऊन वाळवून हलक्या भाजून घ्यायच्या, कोरड्याच, तूप नाही. बरका फणस घ्यायचा, कापा नाही, त्याचे गरे चाळणीवर चोळून रस काढायचा म्हणजे दोरे वर राहतात. दोन वाट्या कण्यांना दोन वाट्या रस, अर्धी वाटी नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, आणि हे कालवून दीड-दोन तास झाकून ठेवायचं, कण्या फुगतात आणि पीठ घट्ट होतं, मग लागेल तसं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाएवढं सैल करायचं. इथे बाळाच्या वाटणीचं दोन वाट्या पीठ बाजूला काढा, फणसच गोड असतो, त्याला गुळाची गरज नाही. बाकीच्यात मोठ्यांसाठी गूळ आणि वेलची. तूप लावलेल्या वाट्यांत घालून वीस मिनिटं वाफवायचं. बाळाचं सांदण एका मोठ्या वाटीत करा, ताटलीत उलटं पाडलं की पिवळाधमक गोल छोटा केकच दिसतो, वर नारळाच्या दुधाची धार. ते चिऊने दोन्ही हातांनी कुस्करून खाल्लं, नाकाला, केसांना, सगळीकडे. मेणबत्ती लावली नाही, बाजूला निरांजन तेवत होतं.

फणसाचे दिवस नसतील तर भाद्रपदाच्या आसपास तवशाचं (मोठ्या काकडीचं) धोंडस करता येईल, थंडीत नाचणी आणि पिकलेल्या वेलची केळ्याचा केक कुकरमध्ये, झाकणाची शिट्टी काढून ठेवून. फणस किंवा नाचणी जे काही असेल ते बाळाला त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आठ-दहा दिवस आधी थोडं देऊन बघा, पोटाला बरं पडतं का कळतं. आख्खे काजू, शेंगदाणे, द्राक्षं, चुरमुरे, खडखडे लाडू ह्यातलं काही बाळाच्या हाताला लागेल असं ठेवू नका, घशात अडकतं. पाहुण्यांमधलं कोणीतरी प्रेमाने भरवणारच, म्हणून आधीच सगळ्यांना हसतमुखाने सांगून टाका की तिला फक्त आईच्या हातून. आणि औक्षणाच्या आधी बाळाचं पोट भरलेलं असू द्या, मऊ भात नाहीतर पेज, रोजचंच.

पंगत

आधी वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार असेल तर बहुतेक घरी शिवराक (शाकाहारी जेवण), मग दोन प्रकारचं जेवण करायची कटकट घेण्यापेक्षा सगळ्यांनाच शिवराक ठेवा. आमचा रविवार होता तरी आम्ही शिवराकच केलं, कारण मटण-कोंबडी म्हटलं की पहाटेपासून चूल, आणि मग बायका तिथेच अडकतात.

चाळीस माणसांचं आमचं माप असं होतं: काळे वाटाणे 2 किलो, आदल्या दिवशी सकाळीच भिजत घातलेले कारण काळा वाटाणा बारा तास तरी मागतो. तांदूळ साडेचार किलो, तूरडाळ दीड किलो. आंबोळ्यांचं पीठ माणशी तीन धरून, आणि इथे नीट हिशोब करा, एकशेवीस आंबोळ्या एका तव्यावर घालायच्या तर चार-पाच तास जातात, म्हणून तीन तवे आणि तीन माणसं, बाहेर मांगराकडे (घराबाहेरच्या खोपटाकडे) चुली लावून. काजूची उसळ (ओले काजू संपले होते, सुके भिजवून केली), कैरीचं लोणचं, शेवयांची खीर. सोलकढीला 9 नारळ लागले. सोलकढी पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आमसुलाचा आंबटपणा भांड्याला लागतो, स्टीलचंच घ्या, आणि नारळाचं दूध जेवणाच्या तासभर आधीच काढा, मे महिन्यात सकाळी काढून ठेवलं तर दुपारपर्यंत उतरतं. लाईट जाणार हे गृहीत धरून मिक्सरचं बाकी सगळं वाटण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये, नाहीतर पाटा धुऊन तयार ठेवा.

तांदूळ घरचे, नारळ घरचे, भांडी मंडळाची, त्यामुळे तो फुकट गेलेला केक धरूनही आमचा खर्च सात हजारांच्या आत राहिला.

वाढायला घरातले पुरुष उभे राहिले, हे मी आधीच दिराला आणि नवऱ्याला बोलून ठेवलं होतं. पहिल्या पंगतीत म्हातारी माणसं, मुलं आणि मी. आंबोळी तव्यावरून थेट पानात. चिऊ तेव्हा आत्याच्या खांद्यावर पेंगत होती, एक वाजायच्या आत तिला माजघरात पाळण्यात घातलं, पंखा लावला, दार लोटलं, आणि बाहेर दुसरी पंगत तिच्याशिवाय निवांत झाली. कोणीही "अगं तिला उठव ना, निघतोय आम्ही" म्हटलं तरी उठवू नका.

आहेर

लोक आणतातच. विचारलं तर सरळ सांगा काय हवंय ते. मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं 250 रुपयांपासून उघडता येतं, आजोबांनी चिऊला तेच दिलं. मामाने नारळाचं रोप आणलं, बाणवली जातीचं. ते लगेच मे महिन्यात लावायची घाई केली नाही, तेव्हा फक्त खड्डा काढून ठेवला, एक मीटर लांब-रुंद-खोल, दुसऱ्या माडापासून साडेसात मीटर सोडून, आणि पाऊस स्थिर झाल्यावर लावलं. बाणवलीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे चिऊ शाळेत जायला लागलेली असेल.

परतभेट म्हणून प्लास्टिकच्या वस्तू वाटू नका, जाताना प्रत्येकाच्या हातात एक नारळ किंवा आमसुलाची पुडी द्या. आणि मंडळाचे टोप त्याच संध्याकाळी घासून मोजून परत करा, झाकणांसकट. आमचं एक झाकण शेजारच्या घरात गेलं होतं, ते चार दिवसांनी सापडलं.